मतलई वाऱ्यावर एक रात्र

मी मूळचा रोहण्याचा. आर्वी तालुक्यातले हे गाव. आमच्याकडे पाणी म्हणजे विहिरीचे, नाल्याचे, फार तर वर्धा नदीचे. समुद्र सरळ रेघेत मोजला तरी साडेपाचशे किलोमीटरच्या पलीकडे. अशा गावच्या माणसाने रात्रीच्या वेळी एकट्याने शिडाची होडी कशी हाकावी यावर बोलायला बसावे, हे ऐकून तुमच्यापैकी काहींना हसू येईल. येऊ द्या. मी काही दर्यावर्दी नाही. भूगोल शिकवणारा मास्तर आहे. पण एका रात्री, दोन-अडीच तास, मी समुद्रावर सुकाणू धरून एकटा जागा होतो, आणि त्या दोन-अडीच तासांत माझे भूगोलाचे ज्ञान किती पाण्यात आहे ते मला कळले. ती हकीकत आज सांगायची आहे.

रात्री एकटे जागणे तुम्हांला नवे नाही. तूर, हरभरा उभा असला की रानडुकरांसाठी आणि रोह्यांसाठी मचाणावर जागल करावी लागते. ज्याच्या वाट्याला रात्रीची वीज येते, तो हातात बॅटरी घेऊन एकटाच ओलितावर जातो. अंधारात आपले भान कसे ठेवायचे, झोप कशी आवरायची, कोणता आवाज भिण्याचा आणि कोणता नाही, हे त्याला ठाऊक असते. लहान होडीतला एकटा माणूस रात्री नेमके हेच करतो. फरक एवढाच की त्याचे मचाण हलते.

आधी वारा समजावून घेऊ. शिक्षक मंडळी पाचवी-सहावीच्या वर्गात खारे वारे आणि मतलई वारे शिकवतातच. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो तो खारा वारा. रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहतो तो मतलई वारा. मुले हे पाठ करतात, आणि पुष्कळदा परीक्षेत उलटे लिहितात. का? कारण त्यांनी तो वारा अंगावर घेतलेला नसतो. त्यांना एवढेच करायला सांगा. उन्हाळ्यात दुपारी अंगणातल्या फरशीवर अनवाणी पाय ठेवा आणि मग शेजारच्या टाक्यातल्या पाण्यात हात घाला. फरशी चटका देते, पाणी बेताचेच कोमट. मध्यरात्री पुन्हा तसेच करा. फरशी गार पडलेली, पाण्यात मात्र अजून ऊब. जमीन लवकर तापते, लवकर निवते. पाणी उशिरा तापते, उशिरा निवते. दुपारी तापलेल्या जमिनीवरची हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची हवा आत धावते. रात्री तोच व्यवहार उलटा.

कोकणच्या किनाऱ्यावर शिडाच्या होड्यांचा सारा संसार या दोन वाऱ्यांवर चाले. मध्यरात्रीच्या सुमारास मतलई सुटला की होडी बाहेर काढायची, आणि दुपारी खारा वारा भरला की त्याच्या जोरावर घरी यायचे. थंडीच्या दिवसांत आकाश निरभ्र असते, जमीन चांगली निवते, म्हणून मतलई नेमाने वाहतो. शिवाय तो जमिनीवरून येत असल्याने किनाऱ्याजवळ मोठ्या लाटा उठवीत नाही. किनारा दक्षिणोत्तर, वारा पूर्वेचा. दक्षिणेकडे किंवा उत्तरेकडे जाणाऱ्या होडीला तो बाजूने मिळतो, आणि बाजूचा वारा शिडाला सगळ्यांत सोयीचा. म्हणून लहान होडीने किनाऱ्याच्या कडेकडेने जायचे तर हिवाळ्यातली रात्र चांगली.

पण या वाऱ्याच्या पोटात एक धोका आहे. खारा वारा चुकलेल्या होडीला किनाऱ्याकडे आणतो. मतलई वारा चुकलेल्या होडीला दूर नेतो, आणि इतक्या हळुवारपणे नेतो की समजतसुद्धा नाही. हे वाक्य लक्षात असू द्या, पुढे लागेल.

सतरा-अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी भूगोलात एम. ए. होऊन नुकताच अधिव्याख्याता म्हणून लागलो होतो. माझा एक सहकारी रत्नागिरी जिल्ह्यातल्या हर्णैकडचा. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मी त्याच्याबरोबर गेलो. हर्णै म्हणजे दापोली तालुक्यातले मासळीचे मोठे बंदर. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग, आणि किनाऱ्याला लागून असलेल्या कनकदुर्गावर दीपगृह. सहकाऱ्याच्या ओळखीचे एक वृद्ध तांडेल होते. तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख. बंदरातल्या साऱ्या होड्यांना इंजिने बसलेली, पण या काकांनी एक जुनी, वीसएक फुटी शिडाची होडी हौसेने सांभाळली होती. मी भूगोल शिकवतो हे कळल्यावर ते म्हणाले, "मग आज रात्री दाभोळच्या बाजूला जाऊन येऊ. वारा पुस्तकात वाचलाय, आता तोंडावर घ्या."

निघण्यापूर्वी त्यांनी जे केले ते मी नीट पाहून ठेवले. पाण्याचे मडके बांधून घेतले. शीड थोडे आखडून बांधले. मी विचारले, "वारा तर मंद आहे?" म्हणाले, "उजेडात जेवढे शीड लावाल त्याहून रात्री कमी लावायचे. वारा वाढल्यावर अंधारात गाठी सुटत नाहीत." मग एक दोर माझ्या कमरेला आणि दुसरे टोक होडीला. "रात्री माणूस पाण्यात पडला की होडी पुढे जाते. हाक ऐकू येते, माणूस दिसत नाही." कंदील पेटवून पायाशी ठेवला. आणि सर्वांत शेवटी घरात डोकावून बायकोला सांगितले, "उद्या सकाळी नऊच्या आत येतो."

श्रोतेहो, समुद्रावर एकट्याने रात्र काढणाऱ्या जगातल्या कोणत्याही दर्यावर्दीला विचारा. हत्यारे बदलली, पण नेम हेच आहेत. शीड अंधार पडायच्या आत कमी करा. स्वतःला बांधून घ्या. दिवा हाताशी ठेवा. आणि कुठे जातो, केव्हा परत येतो, हे किनाऱ्यावरच्या एका माणसाला सांगून जा.

दिव्याचे थोडे सांगतो. समुद्रावर रस्ते नाहीत, पण वाहतुकीचे नियम आहेत. सध्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ साली ठरले. चालत्या जहाजाच्या डाव्या बाजूस तांबडा दिवा, उजव्या बाजूस हिरवा, मागे पांढरा. समोर अंधारात नुसता तांबडा दिसला तर जहाजाची डावी बाजू तुमच्याकडे आहे. नुसता हिरवा दिसला तर उजवी. आणि तांबडा-हिरवा दोन्ही एकदम दिसले तर? तर ते जहाज सरळ तुमच्या अंगावर येत आहे. सात मीटरांहून लहान शिडाच्या होडीला हे दिवे लावणे जमत नसेल, तर तिने बॅटरी किंवा पेटता कंदील हाताशी ठेवावा आणि टक्कर टळेल इतक्या आधी दाखवावा, असे त्या नियमांत स्पष्ट म्हटले आहे. आमच्या जागलीवरच्या कंदिलाला आंतरराष्ट्रीय कायद्यात जागा आहे, बघा!

आता एक लहानसे गणित. लहान होडीत बसलेल्या माणसाचे डोळे पाण्यापासून साधारण एक मीटर उंच. तेवढ्या उंचीवरून पाण्याचे क्षितिज फक्त साडेतीन किलोमीटरवर असते. मोठ्या जहाजाच्या डोलकाठीवरचा दिवा उंच असतो, तो निदान सहा सागरी मैलांवरून, म्हणजे अकरा किलोमीटरांवरून दिसावा असा नियम आहे. ते जहाज ताशी अठ्ठावीस किलोमीटर वेगाने येत असेल, तर दिवा दिसल्यापासून तुमच्यापर्यंत पोचायला त्याला सुमारे तेवीस मिनिटे लागतात. म्हणून जहाजांच्या वाटेवर एकटा दर्यावर्दी सलग झोपत नाही. पंधरा-वीस मिनिटांचा गजर लावून डुलकी घेतो, उठून चारी दिशा पाहतो, पुन्हा डुलकी. आणि किनाऱ्याजवळ तर तेही नाही. खडक, मासेमारीची जाळी, त्यांचे तरंगते बोये. तिथे झोपणे म्हणजे गाडी चालवताना झोपणे.

आम्ही मध्यरात्री निघालो. अमावास्या दोन दिवसांवर होती, त्यामुळे चांदण्यांचा नुसता सडा. मतलई सुटला होता. त्या वाऱ्याला वास होता! चुलीच्या धुराचा, पालापाचोळ्याचा, गोठ्याचा. समुद्रावर बसून मला क्षणभर रोहण्याचा भास झाला. थोड्या वेळाने काकांनी सुकाणू माझ्या हाती दिले. "सरळ दक्षिणेला न्या. मी पडतो जरा. किनारा डाव्या हाताला राहू द्या." आणि नाळेकडे जाऊन ते घोंगडी पांघरून आडवे झाले.

मी एकटा. दक्षिण कशी शोधावी? मी पाहिले तर समोर, क्षितिजाच्या थोडे वर, एक मोठा तेजस्वी तारा. मी ओळखला: अगस्त्य. जानेवारीच्या आरंभी मध्यरात्री अगस्त्य बरोबर दक्षिणेला असतो. हे मला ठाऊक होते, आणि त्याचा मला अभिमान वाटला. मी होडीची नाळ अगस्त्यावर धरली आणि तशीच ठेवली. सुकाणू हलक्या हाताला ऐकत होते, पाणी कडेने खुळखुळत होते. मनात म्हटले, यात अवघड ते काय?

किती वेळ गेला कळले नाही. एकदा थंडी जास्त वाटली. मग लाटा लांब आणि संथ झाल्यासारख्या वाटल्या. धुराचा वास येईनासा झाला. डावीकडे गावांचे दिवे होते ते पाहिले, तर ते बारीक होऊन एका ओळीत खाली बसले होते. माझ्या छातीत धस्स झाले. तेवढ्यात काका उठून बसले. त्यांना कोणी हाक मारली नव्हती. होडीचा हेलकावा बदलला म्हणून ते जागे झाले. त्यांनी एकदा वर पाहिले, एकदा मागे पाहिले आणि विचारले, "कशावर धरलीत?"

मी बोट दाखवले.

ते म्हणाले, "मास्तर, ती चांदणी बुडायला निघालीय. तुम्ही तिच्या मागे कुठे निघालात?"

श्रोतेहो, पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते, म्हणून तारे तासाला पंधरा अंश सरकताना दिसतात. हे मी परीक्षेत लिहिले होते, त्याचे गुण घेतले होते, आणि आदल्याच महिन्यात फळ्यावर आकृती काढून मुलांना शिकवले होते. अगस्त्य मध्यरात्री दक्षिणेला असला तरी अडीच तासांनंतर तो दक्षिणेपासून वीसेक अंश पश्चिमेला कललेला असतो, आणि पहाटे साडेचारच्या सुमारास नैर्ऋत्येला मावळतो. मी त्याच्यावर नजर ठेवून होडी थोडी थोडी करीत भर समुद्राकडे वळवली होती. भरीला मतलई वारा बाजूने ढकलत होताच. चुकीचा एकही धक्का लागला नाही. सगळे सुरळीत चालले आहे असे वाटत असतानाच आम्ही चुकत होतो.

मग काकांनी मागे हात केला. ध्रुव. "दक्षिणेला जायचे तर याला पाठीशी धरायचा. हा जागचा हलत नाही."

तिथे मला माझे वडील आठवले. लहानपणी मी त्यांच्याबरोबर जागलीला जात असे. त्यांच्याजवळ घड्याळ नव्हते. मृगातल्या तीन चांदण्या, आपण तिकांडं म्हणतो ते, पौषात माथ्यावर आले म्हणजे मध्यरात्र झाली, असा त्यांचा हिशेब. एकदा मी विचारले, की तिकांडं मघा तिकडे होते, आता इकडे कसे? ते म्हणाले, "सारी चांदणी बैलावानी फिरते बाबू. मेढ तेवढी जाग्यावर रायते." खळ्याच्या मधोमध मेढ रोवलेली असते, तिला बांधलेले बैल मळणी करीत भोवती फिरतात. आकाशातली मेढ म्हणजे ध्रुव. माझे वडील चौथी शिकलेले. त्यांना जे ठाऊक होते ते मी एम. ए. होऊन विसरलो होतो. खरे म्हणजे विसरलो नव्हतो; ते आणि पुस्तकातले पंधरा अंश एकच आहेत, हे मी कधी जोडून पाहिले नव्हते.

पुढचे थोडक्यात सांगतो. किनाऱ्याकडे वळायचे तर वारा समोरून. शिडाची होडी वाऱ्याच्या तोंडावर सरळ जात नाही. एकदा उजवीकडे तिरपी, एकदा डावीकडे तिरपी, असे नागमोडी जावे लागते. पहाटेपर्यंत तसे केले. ऊन वर आले तसा मतलई पडला, आणि खारा वारा सुटायला अजून अवकाश होता. दोन वाऱ्यांच्या मधल्या त्या वेळात समुद्र तेलासारखा पसरला. शीड लोंबत राहिले. आम्ही आळीपाळीने वल्ही मारली. मडक्यातले पाणी संपले. दुपारी खारा वारा भरला तेव्हा कुठे होडी चालू लागली, आणि दोन वाजता हर्णैला लागलो.

वाळूवर काकू उभ्या होत्या. नऊच्या आत येतो असे सांगितले होते. पाच तास उशीर झाला होता. त्या काही बोलल्या नाहीत. नवऱ्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि घरी जाऊन दोघांना वाढले. नंतर मला कळले की सकाळपासून त्या स्वतः जेवल्या नव्हत्या. काकांनी माझी चूक कोणाला सांगितली नाही. मला ते जास्त लागले.

आता मोठ्यांचे सांगतो. एकट्याने जगाला वळसा घालणारा पहिला माणूस जोशुआ स्लोकम. १८९५ साली तो अमेरिकेतून निघाला आणि १८९८ साली परत आला. १९०९ साली तोच पुन्हा एकटा निघाला, आणि परतला नाही. समुद्र एकदा वश झाला म्हणजे कायमचा झाला असे नाही. कुठेही न थांबता एकट्याने प्रदक्षिणा करणारा पहिला माणूस रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. १९६८-६९ मध्ये त्याने ती पुरी केली. त्याची 'सुहैली' ही बत्तीस फुटी होडी सागवानाची होती, आणि ती आपल्या मुंबईत बांधलेली होती.

आपल्याकडे ही कल्पना मनात धरली ती व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांनी. निवृत्त झाल्यावर ते राहत होते फलटणजवळच्या विंचुर्णी या गावी. म्हणजे तेही तुमच्या-आमच्यासारखे कोरडवाहू मुलखातच! त्यांच्या आग्रहातून गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात 'म्हादेई' ही छपन्न फुटी होडी तयार झाली. कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी तिच्यातून मुंबईहून एकटे निघाले, वाटेत चार बंदरे घेतली, आणि मे २०१० मध्ये मुंबईला परतले. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. त्याच होडीतून अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये कुठेही न थांबता प्रदक्षिणा पुरी केली. २०१७-१८ मध्ये गोव्यातच बांधलेल्या 'तारिणी'तून नौदलाच्या सहा स्त्री अधिकारी जाऊन आल्या. आणि २ ऑक्टोबर २०२४ ते २९ मे २०२५ या काळात त्याच 'तारिणी'तून दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच जगाला वळसा घालून आल्या.

यांच्याजवळ उपग्रहावरून जागा सांगणारी यंत्रे होती, आपोआप सुकाणू धरणारी साधने होती. आता तर लहान होडी चाकांच्या गाड्यावर घालून मोटारीमागे ओढीत किनाऱ्यावर नेता येते, आणि खिशातल्या मोबाईलवर नकाशा दिसतो. मग ध्रुव कशाला हवा, असे मुले विचारतील. विचारू द्या. त्यांना सांगा, की मोबाईल जरूर जवळ ठेवा. पण खारे पाणी आणि संपलेली बॅटरी यांना पदवी दिसत नाही. आणि यंत्र सांगते ते बरोबर आहे की नाही हे ओळखायला दुसरे एक काहीतरी स्वतःला ठाऊक असावे लागते.

समुद्र दूर असला तरी पाणी आपल्याजवळ आहे. १४ सप्टेंबर २०२१ रोजी आपल्या वर्धा नदीतच, वरुड तालुक्यातल्या झुंज येथे, होडी उलटून ११ माणसे गेली. त्या दिवशी ना वादळ होते ना रात्र. ज्यांची माणसे गेली त्यांच्या दुःखावर मी काही बोलणार नाही. आपल्यापुरते एवढेच ठरवू: लहान होडीत बसण्याआधी किती माणसे ती पेलेल हे विचारायचे, जीवरक्षक जाकीट नसेल तर चढायचे नाही, होडीत उभे राहायचे नाही, आणि कोणी कितीही आग्रह केला तरी "मी पुढच्या खेपेला येतो" म्हणायला लाजायचे नाही. हर्णैचा तो तांडेल पन्नास वर्षे समुद्रावर होता, आणि तरी दोर बांधल्याशिवाय त्याने मला बसू दिले नाही.

शिक्षक बंधुभगिनींना शेवटी एक विनंती. येत्या हिवाळ्यात एका रात्री मुलांना शाळेच्या पटांगणावर बोलवा. त्यांना ध्रुव दाखवा. हात लांब करून मूठ धरली की ती आकाशात साधारण दहा अंश व्यापते. क्षितिजापासून दोन मुठी मोजल्या की आपल्या वर्धा जिल्ह्यात ध्रुव जवळजवळ सापडतोच. कारण आपले अक्षांश आहेत सुमारे एकवीस. हर्णैला तो तीन अंश खाली दिसतो. दक्षिणेला जावे तसा तो खाली उतरतो, उत्तरेला जावे तसा वर चढतो. याच एका गोष्टीवर जुने दर्यावर्दी आपण कुठवर आलो ते ओळखीत. मग कुठलाही एक तारा विजेच्या खांबाच्या टोकाशी धरून मुलांना तासभर बसवा, आणि तो सरकलेला त्यांच्या डोळ्यांनी पाहू द्या. आणि गावातल्या एखाद्या जागलीवाल्या म्हाताऱ्याला त्या रात्री मुद्दाम बोलवा. त्याला तिकांडं ठाऊक असेल, तुम्हांला पंधरा अंश ठाऊक आहेत. ती दोन्ही एका फळ्यावर आली, तर तुमच्या वर्गातले मूल माझ्यासारखे मावळत्या चांदणीमागे जाणार नाही.